सत्कार स्वीकारा, बिलाचा तपशीलही मागा

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

आमचे गाव रायगड जिल्ह्यात नदीकाठी आहे. गेल्या जुलैत पाणी चढलेले असताना माझ्या धाकट्या भावाने प्रवाहात अडकलेल्या दोन शाळकरी मुलांना बाहेर काढले. दुसऱ्या मुलाला काठावर ढकलताना त्याचा पाय खडकांच्या फटीत अडकला आणि नडगीचे हाड मोडून बाहेर आले. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात तो 19 दिवस होता, दोन शस्त्रक्रिया झाल्या. दाखल करताना 'दीड-दोन लाखांत होईल' असे तोंडी सांगितले होते. बिल आले 6,84,000 रुपयांचे. आईचे दागिने गहाण ठेवून आणि पतपेढीचे कर्ज काढून आम्ही साडेचार लाख भरले, उरलेल्या रकमेचा मार्चअखेरचा चेक दिला. भाऊ टेम्पो चालवायचा, सध्या घरीच आहे. अजून एक शस्त्रक्रिया बाकी आहे.

येत्या 26 जानेवारीला तालुक्याच्या ठिकाणी आमदारसाहेबांच्या हस्ते त्याचा जाहीर सत्कार आहे. विधानसभेतही त्याच्या अभिनंदनाचा विषय मांडतो, असे त्यांनी सांगितले आहे. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांचाही त्याच व्यासपीठावर सत्कार होणार आहे. मी बिलाचा तपशील मागते म्हटल्यावर बाबा रागावले. काका म्हणाले, 'वांगणीच्या मयूर शेळक्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम त्या मुलालाच देऊन टाकली, आणि आपण पैशाचा विषय काढायचा?' सत्कार होईपर्यंत गप्प बसावे की आत्ताच विचारावे, हे मला कळत नाही. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

– एक बहीण

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या भावाने जे केले ते फार मोठे आहे आणि त्याचा सत्कार व्हायलाच हवा. त्याचबरोबर बिलाचा तपशीलही मागायला हवा, तो लेखी मागायला हवा आणि 26 जानेवारीची वाट न पाहता मागायला हवा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असे तुमच्या घरातल्या मोठ्यांना वाटते आहे. ते का वाटते हे मी समजू शकते, परंतु ते बरोबर नाही.

काकांनी दिलेल्या उदाहरणापासून सुरुवात करते, कारण घरात खरी अडचण त्याचीच झालेली दिसते. मध्य रेल्वेतील पॉइंट्समन मयूर शेळके यांनी 17 एप्रिल 2021 रोजी वांगणी स्थानकात, दृष्टिहीन आईसोबत चालताना फलाटावरून रुळांवर पडलेल्या लहान मुलाला, समोरून गाडी येत असताना धावत जाऊन वर उचलले. रेल्वे मंत्रालयाने त्यांना 50,000 रुपयांचे बक्षीस दिले आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी दिली. हे औदार्य कौतुकास्पदच आहे. पण हातात आलेल्या रकमेतून, स्वतःच्या इच्छेने, स्वतः दिलेली ती देणगी होती. तुमच्या घरी आईचे दागिने गहाण पडले आहेत, पतपेढीचे हप्ते सुरू आहेत आणि कमावता मुलगा अंथरुणावर आहे. ज्या पैशांचा हिशोबच मिळालेला नाही ते मुकाट्याने भरण्याला औदार्य म्हणता येणार नाही, आणि ते भरले नाहीत म्हणून नदीतल्या त्या दोन मुलांच्या जिवाची किंमत तसूभरही कमी होणार नाही.

तुमच्या पत्रात बाबा बोलतात, काका बोलतात, आमदार बोलतात; भाऊ मात्र कुठेही बोलत नाही. तो सज्ञान आहे, रुग्ण तो आहे आणि सत्कारही त्याचाच आहे. कागदपत्रे मागण्याचा पहिला अधिकार त्याचा असल्याने अर्जावर सही त्याचीच लागेल. म्हणून बाबांशी पुन्हा वाद घालण्याआधी एकदा त्याच्याजवळ निवांत बसा आणि त्याला काय वाटते ते विचारा. आपल्यामुळे घर कर्जात गेले, ही बोच त्याला आतून खात असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि तसे असेल तर हारतुऱ्यांनी ती जाणार नाही.

आता बिलाकडे वळते. तुम्ही पाठवलेली प्रत मी नीट पाहिली. 6,84,000 रुपयांचे हे बिल एका पानाचे आहे आणि त्यात चारच ओळी आहेत: औषधे व साहित्य 2,92,000, शस्त्रक्रिया 2,10,000, वॉर्ड, नर्सिंग व आरएमओ (निवासी डॉक्टर) 1,14,000 आणि इतर 68,000. 'इतर' या एका शब्दाखाली 68,000 रुपये लावलेले आहेत, आणि एवढ्या पैशांत काय केले याचा उलगडा त्या पानावर कुठेच नाही. रुग्णालयाने जास्त पैसे लावले की नाही, हे या बिलावरून मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकणार नाही, आणि तुमची तक्रार नेमकी हीच असली पाहिजे. उघड्या जखमेचा अस्थिभंग असेल तर जखम धुणे, जंतुसंसर्ग आवरणे आणि हाड स्थिर करणे यांत खर्च वाढत जातो, सुरुवातीचा अंदाज चुकू शकतो. मात्र तो का आणि कुठे वाढला, हे दाखवणे रुग्णालयाचे काम आहे.

अर्जात तारीखवार, बाबवार बिल मागा. औषधांची नावे, संख्या आणि छापील किंमत, दोन्ही शस्त्रक्रियांचे सर्जन, भूलतज्ज्ञ व शस्त्रक्रियागृह यांचे वेगवेगळे आकार, आणि पायात बसवलेली पट्टी, स्क्रू किंवा बाहेरून लावलेली चौकट यांची बिले मागा. अशा साहित्याच्या वेष्टनावरील बॅच क्रमांकाचे स्टिकर शक्यतो केसपेपरमध्ये चिकटवून ठेवतात. त्या पानाची प्रत आवर्जून घ्या, कारण कोणत्या कंपनीची कोणती वस्तू वापरली आणि तिची छापील किंमत काय, हे त्यावरून पडताळता येते. संपूर्ण केसपेपरची प्रतही मागा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून 72 तासांच्या आत उपचारांची कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे कुणाची मेहेरबानी मागतो आहोत असे मनात आणण्याचे कारण नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

दुसरी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. बिलाच्या शीर्षावर, रुग्णालयाच्या नावाखाली बारीक अक्षरांत सार्वजनिक न्यासाचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे. हे रुग्णालय धर्मादाय योजनेखाली येत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्याला 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन आणि 3,60,000 रुपयांपर्यंत असेल तर दुर्बल घटकातला धरला जातो. टेम्पोचालकाचे घर यांपैकी एका गटात बसण्याची शक्यता बरीच आहे. दाखल करतानाच हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवे होते. आता तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला काढा, रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा आणि तिथे दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा.

दरफलक कुठेच दिसला नाही, असे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही; पण आपण काही पाहिल्याचेही लिहिलेले नाही, म्हणून हे सांगते. महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये दुरुस्ती केली. खाटेचे रोजचे भाडे, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांची भेट, शस्त्रक्रियागृह, भूल, नर्सिंग, ऑक्सिजन अशा 15 प्रकारच्या सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद ठळकपणे लावणे खासगी रुग्णालयांना तेव्हापासून बंधनकारक झाले आहे. पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा तो फलक पाहा आणि त्याच्याशी तुमचे बिल ताडून पाहा. फलक नसेल तर महानगरपालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते.

या विषयावर गेली काही वर्षे जो वाद चालू आहे त्याची थोडी ओळख तुम्हाला असावी, कारण आमदारांशी बोलताना ती उपयोगी पडेल. या वादात दर जाहीर करणे आणि दर ठरवून देणे या दोन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत होते. केंद्राचा वैद्यकीय आस्थापना कायदा 2010 चा आहे आणि त्याखालच्या 2012 च्या नियमांत दर लावण्याची अट आहे, तशीच केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करून ठरवलेल्या मर्यादेत ते आकारण्याचीही अट आहे. दुसरा भाग वर्षानुवर्षे कागदावरच राहिला, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला खडसावले होते. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही, आपल्याकडे 1949 चा शुश्रूषागृह कायदाच चालतो. कोविडच्या काळात मात्र राज्याने दर ठरवून दिले होते: मे 2020 च्या आदेशानुसार खासगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांसाठी साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागाला 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. मुंबईत लेखापरीक्षक बसवून बिले तपासली गेली आणि जादा घेतलेले पैसे अनेकांना परत मिळाले. कोविड नसलेल्या रुग्णांच्या दरांवरही राज्याने तेव्हा घातलेले नियंत्रण पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केले.

डॉक्टरांच्या संघटना म्हणतात की मुंबईतले मोठे रुग्णालय आणि तालुक्यातले वीस खाटांचे रुग्णालय यांना एकच दर लावता येणार नाही. जागेचे भाडे, यंत्रांचे हप्ते, सर्जनचा अनुभव हे सगळे वेगळे असते. मला त्यात तथ्य वाटते. सरसकट एकच दर लादला तर तालुक्याच्या ठिकाणी रात्री-अपरात्री दार उघडणारी छोटी रुग्णालये बंद पडतील, ही भीती खोटी नाही. परंतु हा आक्षेप दर ठरवून देण्याला लागू होतो, दर सांगण्याला नाही. आपण काय आकारणार आहोत हे आधी सांगण्याने कोणतेही प्रामाणिक रुग्णालय बंद पडत नाही. उलट माझे मत असे आहे की 15 बाबींचा फलकही अपुरा आहे, कारण तुमच्यासारख्यांची बिले फुगतात ती औषधे, साहित्य आणि 'इतर' यांमध्ये. अमेरिकेत जानेवारी 2021 पासून रुग्णालयांवर दर प्रसिद्ध करण्याची सक्ती आहे, पण त्यासाठी संकेतस्थळांवर टाकलेल्या अवाढव्य फायली सामान्य रुग्णाला वाचताच येत नाहीत. तेव्हा फलक हवाच, पण त्यापेक्षाही गरज आहे ती दाखल होताना लेखी अंदाजपत्रक मिळण्याची आणि खर्च त्यापलीकडे जाऊ लागला की त्याच वेळी कारणासह नवे अंदाजपत्रक हातात पडण्याची.

हीच मागणी आमदारांपुढे ठेवा. व्यासपीठावर नको; तो दिवस भावाचा आहे, आणि माइकवरून काढलेल्या विषयाला मिळते ते आश्वासनच. सत्काराच्या आठवडाभर आधी त्यांची वेळ घ्या, बिलाची प्रत आणि एक पानाचे निवेदन सोबत न्या. 'साहेब, एक फोन करून बिल कमी करून द्या' असे कुणीतरी सुचवेलच, आणि सवलत मिळाली तर ती नाकारा असे मी कर्जात बुडालेल्या घराला सांगणार नाही. पण ती कोणत्या बाबीत आणि किती दिली हे लेखी घ्या. एका फोनवर लाखभर रुपये कमी होत असतील तर ते मुळात कशाचे होते, हा प्रश्न उरतोच, आणि ज्यांच्यासाठी कुणी फोन करत नाही त्यांना ते भरावे लागतात. आमदारांच्या हातात फोनपेक्षा मोठी साधने आहेत. तारांकित प्रश्न विचारून जिल्ह्यातल्या किती रुग्णालयांत दरफलक लागले, किती तपासण्या झाल्या, किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे ते सरकारकडून सभागृहात वदवून घेऊ शकतात. लक्षवेधी सूचना देऊ शकतात. ज्या अधिवेशनात तुमच्या भावाचे अभिनंदन करतील त्याच अधिवेशनात हा प्रश्नही विचारा, असे त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा. लोकप्रतिनिधींनी शूराचा गौरव करणे ही चांगली प्रथा आहे आणि ती टिकली पाहिजे. पण शाल-श्रीफळावर ते थांबणार असतील, तर आपली जबाबदारी ते अर्ध्यावरच सोडत आहेत, असे मला वाटते.

त्यांच्याकडे आणखी एक काम मागा. इतरांचा जीव वाचवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची जीवन रक्षा पदके आहेत, 1961 पासून ती दिली जातात. सर्वोत्तम जीवन रक्षा पदकासोबत 2 लाख, उत्तमसोबत दीड लाख आणि जीवन रक्षा पदकासोबत 1 लाख रुपये मिळतात. बुडणाऱ्याला वाचवणे हे या पदकांसाठी अगदी ठळकपणे धरलेले कृत्य आहे. प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातून राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. फार जुन्या घटनांचा विचार होत नाही, म्हणून रेंगाळू देऊ नका. घटनेची पोलिसांतली नोंद, तलाठी व तहसीलदारांचे अहवाल, त्या दोन मुलांच्या पालकांचे जबाब आणि वैद्यकीय कागदपत्रे जोडावी लागतील. बाबांना नेमके हे सांगा. वाचवणाऱ्याने स्वतःला किती धोक्यात घातले याचा विचार पदक ठरवताना होतो, आणि तुमच्या भावाने पत्करलेल्या धोक्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा रुग्णालयाच्या त्याच फाइलमध्ये आहे, जी मागायला घरात संकोच वाटतो आहे. गौरवासाठीही तीच फाइल लागणार आणि हिशोबासाठीही तीच. एका अर्जात दोन्ही कामे होतील, आणि बाबांनाही तो अर्ज लिहिणे सोपे जाईल.

डॉक्टरांच्या सत्काराविषयी मन कडवट होऊ देऊ नका. मोडून बाहेर आलेले हाड आणि चिखलाने भरलेली जखम असताना पाय वाचला, याचे श्रेय त्यांचे आहे, आणि त्यांना मनापासून हात जोडायला काहीच हरकत नाही. बहुतेक ठिकाणी बिल करणारी खिडकी वेगळी असते आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना अंतिम आकडा माहीतही नसतो. अर्ज रुग्णालय प्रशासनाच्या नावे करा, आणि एक प्रत डॉक्टरांना स्वतः नेऊन द्या. व्यासपीठावर शेजारी बसण्याआधी ही गोष्ट त्यांना तुमच्याकडूनच कळलेली बरी.

राहिलेल्या शस्त्रक्रियेसाठी मात्र वेगळी वाट धरता येते का ते आधी पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, केशरीच नव्हे तर पांढरी शिधापत्रिका असली तरी. 155388 या क्रमांकावर विचारा की ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि जवळचे कोणते रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, आहे. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीला, दाखल होण्यापूर्वी भेटा, कारण आधी पैसे भरून नंतर ते योजनेतून परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही उपचार होण्याआधीच करावा लागतो.

शेवटी चेकविषयी, कारण त्याला तारीख आहे आणि ती टळणार नाही. 2,34,000 रुपयांचा तो चेक वटला नाही तर भावावर किंवा ज्याच्या खात्याचा चेक असेल त्याच्यावर फौजदारी खटला होऊ शकतो, म्हणून नुसते खाते रिकामे ठेवून हा विषय मिटणार नाही. बाबवार बिल मिळेपर्यंत आणि धर्मादाय सवलतीचा निर्णय होईपर्यंत चेक बँकेत भरू नये, असे रुग्णालयाला आत्ताच लेखी कळवा. त्यांनी दाद दिली नाही तर मार्च उजाडण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायची वेळ आलीच, तर तेच वकील ती लिहून देतील. जाताना चेकची झेरॉक्स, एक पानाचे बिल आणि पोच घेतलेला अर्ज एवढे तीन कागद सोबत असू द्या.